शंभराला तीस

वरून पाहिलं तर पंखाला काहीच झालेलं नाही.
मागच्या कडेला नखाएवढा टवका,
आणि एक रेघ, पेन्सिल हातातून निसटावी तशी.
एस्किल म्हणतो, एवढंच तर आहे.

मी ड्रॉवरमधून पाच क्रोनरचं नाणं काढते,
मधे भोक असलेलं,
आणि टोकापासून वाजवत जाते.
टक. टक. टक. टक.
थप्प.
त्याचा चेहरा उतरतो.
थप्प म्हणजे आतले थर
एकमेकांशी बोलेनासे झालेत.

नव्या पंखाची किंमत त्यानं दोनदा सांगितली,
दोन्ही वेळा माझ्याकडे न बघता.
फियोर्डमधल्या शिंपल्यांच्या थराला
ओहोटीची वेळ विचारायची असते, हे त्याला आता कळलंय.
ते मी बोलून दाखवलं नाही.

एकोणीस वर्षं मी पवनचक्क्यांची पाती घडवली.
एक पातं म्हणजे आमच्या चर्चपासून
पेट्रोलपंपापर्यंत.
आम्ही बायका गुडघ्यांवर रांगत कापड अंथरायचो,
एक सुरकुती राहिली तर बिर्था अख्खा थर उचलायला लावायची.
मग एका मार्चमध्ये माझ्या पापण्या सुजल्या.
मनगटं सोलल्यासारखी लाल.
डॉक्टरनं कारण विचारलं नाही,
या भागात ते विचारावं लागत नाही.
म्हणाला, यापुढे एक थेंबही नाही. कधीच.
एस्किल तेव्हा सात वर्षांचा.
त्याला सांगितलं, रात्रपाळीचा कंटाळा आला.

म्हणून मी गॅरेजच्या दारात उभी,
पाठीला वारा घेऊन,
आणि नुसती बोलते.

ओलं करून घास. कोरडं नको,
ती काळी पूड छातीत जाऊन बसते.
कड उतरती कर, बशीसारखी.
घाई नको. थर मोज.
बुंध्यातल्या वलयांसारखे दिसायला लागले की थांब.
आता राळ. शंभराला तीस.
वजनानं. अंदाजपंचे नाही.

त्यानं अंदाजपंचेच केलं.
तीन दिवसांनी बोट लावलं तर मुरांब्यासारखं.
बोट त्याचं, अर्थात.
असली राळ उन्हाळ्यापर्यंत ठेव, नाहीतर नातवंडांपर्यंत,
ती चिकटच राहणार.
खरवडायला दोन संध्याकाळी गेल्या,
आणि मी एकदाही म्हटलं नाही
की मी सांगितलं होतं.
(एकदा म्हटलं.)

दुसऱ्या वेळी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला.
जुन्या फ्रिजच्या कंप्रेसरला नळी जोडली,
प्लास्टिकची पिशवी हवा सोडत
पंखाला अशी बिलगली
की वीण अन् वीण उमटली.
त्यावर माझ्या कंबरेसाठी घेतलेलं विजेचं पांघरूण,
पांघरुणाखाली मटणाचा थर्मामीटर.
चाळीस अंश. वर गेला तर सांग, मी म्हणत होते,
तेवढ्यात वारा फिरला.

मी दोन पावलं मागे झाले.
ओढणीसारखा स्कार्फ नाकावर ओढला,
हात आपोआप बाह्यांत गेले.
त्यानं ते पाहिलं.
आधी मला पाहिलं, मग डब्यावरचं लेबल,
मग पुन्हा मला. बराच वेळ.
काही विचारेल असं वाटलं.

त्यानं उठून दार लावून घेतलं.

उरलेलं सगळं काचेतून.
मी बोटांनी दाखवलं, थोडं कमी.
त्यानं पांघरुणाचं बटण एक घर खाली आणलं.
मी तळहात सपाट धरला: राहू दे, हलवू नकोस.
त्यानं मान हलवली.
थोड्या वेळानं मला कॉफीची खूण केली,
कुणी करायची ते कळेना,
दोघंही हसलो, आवाज न येता.

डिसेंबरात इथे साडेतीनलाच अंधारतं.
एस्किल अजून पाण्यावर आहे.
खिडकी किलकिली ठेवलीय, बटाटे उकडतायत,
आणि फियोर्डवरून एक बारीक शीळ येतेय,
वेग वाढला की वर चढते,
वळताना तुटते,
परत लागते.

मागची कड जरा जाड राहिली.
बारीक कागदानं दहा मिनिटांचं काम,
तिरपा हात धरला की पंख गप्प होईल.

सांगायला हवं त्याला.
सांगेन.